मोडलं, नासलं, वाया गेलं: एका बल्गेरियन वहीचं भाषांतर

बल्गेरियन भाषेत क्रियापदाला आपल्यासारखं '-णे' लावलेलं रूप नाही. मराठी शब्दकोशात 'बिघडवणे' शोधायचं आणि मिळवायचं. बल्गेरियन शब्दकोशात मात्र क्रियापद प्रथमपुरुषी एकवचनात बसलेलं असतं. 'राझवाल्याम' म्हणजे 'मी बिघडवते'. 'प्रोवाल्याम' म्हणजे 'मी विचका करते'. 'ससिपवाम' म्हणजे 'मी वाट लावते, उद्ध्वस्त करते'. (या शब्दातला पहिला 'स' आपला साधा, अकार असलेला 'स'. बल्गेरियन लिपीत या 'अ'साठी वेगळं अक्षर आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांची जीभ तिथे अडखळते, मराठी माणसाची नाही.)

सध्या माझ्या टेबलावर याच जातीच्या क्रियापदांची गर्दी झाली आहे. मी सोफियात राहते आणि भाषांतरावर माझं पोट आहे. रोजचं काम म्हणजे करारनामे, जन्मदाखले, पदव्या, डॉक्टरांचे अहवाल. बल्गेरियनमधून इंग्रजीत. मधूनच एखादं असं काम येतं की त्याचे पैसे कमी मिळाले तरी चालतात. ही वही तसलीच. शिकागोत बल्गेरियन लोकांची मोठी वस्ती आहे, तिथे वाढलेल्या एका मुलीनं तिच्या आजीची वही स्कॅन करून पाठवली. मुलीला बल्गेरियन बोललेलं कळतं, हातानं लिहिलेलं वाचता येत नाही. तिला हे सगळं इंग्रजीत हवंय, घरातल्या पुढच्या मुलांसाठी. तिच्या परवानगीनं त्यातली काही वाक्यं इथे देते आहे, नावगाव सोडून.

आजी थ्रेसच्या, म्हणजे दक्षिण बल्गेरियातल्या, मैदानातल्या गावाकडून सोफियात आलेली, कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसणारी. वहीत पाककृती आहेत, खर्च आहे, हवामान आहे, कोण आलं-गेलं आहे आणि कुणाचं काय बिनसलं तेही आहे. बिनसण्याचा भाग मोठा. ज्या घरात हिवाळ्याची बेगमी स्वतःच करायची असते, तिथे काय टिकलं आणि काय गेलं हीच रोजची बातमी असते. त्यात १९९६-९७चा हिवाळा. एकामागून एक बँका बुडाल्या आणि फेब्रुवारी १९९७मध्ये तर एका महिन्यात भाव तिपटीच्या वर गेले. त्या पानावर आजीनं बचतीबद्दल एवढंच लिहिलंय की पैसे 'झ्यान' गेले. हा 'झ्यान' मूळचा फारसी, तुर्कीमार्गे आलेला, नुकसान, वाया. पुढच्याच ओळीत बटाट्यांचा भाव.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. बल्गेरियनमधून इंग्रजीत येणारी बरीच भाषांतरं मी तपासते, आणि त्यांत या सगळ्या क्रियापदांसाठी दोनच शब्द वापरलेले दिसतात: 'स्पॉइल' आणि 'रुइन'. इंग्रजी गरीब आहे म्हणून नव्हे. इंग्रजीत शब्द रग्गड आहेत. भाषांतर करणारा शब्दकोशातल्या पहिल्या ओळीवर थांबतो, म्हणून. मला याची मनापासून चीड आहे. कारण काय बिघडलं, किती बिघडलं, कुणी बिघडवलं आणि ते परत जुळेल का, हे चार प्रश्न न विचारता शब्द टाकला की माणसाचं म्हणणंच बदलतं. मी हे प्रश्न मराठीत विचारते. बल्गेरियन वाक्य वाचलं की आधी मनात मराठी क्रियापद येऊ देते, मग इंग्रजीकडे वळते. वाट लांबची आहे, पण मराठीत नासणं, विटणं, आंबणं, कुजणं, मोडणं, बिघडणं, विस्कटणं, शेफारणं, वाया जाणं इतकी वेगवेगळी खोकी आहेत की वस्तू कुठल्या खोक्यात पडते ते लगेच कळतं.

'राझवाल्याम'पासून सुरू करू. शब्दकोश म्हणतो: बिघडवणे, खराब करणे. पण आजी लिहिते, 'राझवालिह स्तोताच्काता'. स्तोताच्का म्हणजे शंभराची नोट. यंत्राला हे वाक्य दिलं की शंभराची नोट खराब झाल्याचं इंग्रजी मिळण्याची पुरती शक्यता. मराठी माणूस अडणार नाही, कारण आपणही नोट मोडतोच. आजीनं नोट मोडली, सुट्टे घेतले. इंग्रजीतही नोट 'ब्रेक' करता येते, तेव्हा इथे काम सोपं झालं. (१ जानेवारी २०२६पासून बल्गेरियात युरो आला, १.९५५८३ लेवला (लेव हे इथलं जुनं चलन) एक युरो या दरानं. नोटा बदलल्या, तरी त्या मोडायचं क्रियापद तेच आहे.)

मोडणं हे खोकं एकदा सापडलं की 'राझवाल्याम'चा अर्धा संसार त्यात मावतो. ठरलेलं लग्न मोडणं, राझवाल्याम. रंगात आलेला नाच मोडणं, लोक पांगणं, राझवाल्याम. शब्द दिलेला मोडणं, करार मोडणं, तेही. मुलं एकमेकांच्या कानात वाक्य सांगत नेतात आणि शेवटच्या मुलाकडे भलतंच पोचतं, त्या खेळाला आपण कानगोष्टी म्हणतो. बल्गेरियन मुलं 'राझवालेन तेलेफोन' म्हणतात, बिघडलेला फोन. शिकागोच्या वाचकासाठी तो नुसता 'टेलिफोन'. आणि एके ठिकाणी हेच क्रियापद चांगलं काम करतं. कुणावर करणी झाली असं वाटलं की गावातली जाणती बाई ती 'राझवाल्या' करते. म्हणजे करणी उतरवते. इथे 'स्पॉइल' लिहिलं तर त्या बाईनं मदत केली की घात केला तेच कळणार नाही. इंग्रजीत 'लिफ्ट' लिहायचं, नाहीतर 'ब्रेक'.

कायद्यात हा शब्द आला की मात्र मी खुर्ची पुढे ओढून बसते. बल्गेरियात दायित्वं आणि करार यांचा कायदा १९५०चा आहे, दुरुस्त्यांसह अजून चालू आहे. त्यातलं ८७वं कलम म्हणतं की समोरच्यानं त्याच्या दोषामुळे करार पाळला नाही, तर दुसऱ्या पक्षानं त्याला पुरेशी मुदत द्यावी आणि त्या मुदतीतही काम झालं नाही तर करार 'राझवाल्या' करावा. ८८वं कलम सांगतं की याचा परिणाम मागे जातो, जणू करार झालाच नव्हता. फक्त सतत चालणारे किंवा ठरावीक काळानं पूर्ण करायचे करार याला अपवाद. भाड्याचा करार त्यात येतो, कारण राहून झालेले महिने कुणी परत देऊ शकत नाही. आता इंग्रजीत 'टर्मिनेट' लिहिलं तर परिणाम इथून पुढे, मागचं तसंच. 'रिसिंड' लिहिलं तर मागचंही पुसलं. पण इंग्लंडच्या कायद्यात करारभंग झाला की साधारणपणे 'टर्मिनेट' होतो, आणि 'रिसिंड' फसवून किंवा चुकीची माहिती देऊन केलेल्या करारासाठी. म्हणजे कुठलाही शब्द घेतला तरी एक टोक उघडं राहतं. मी 'रिसिंड' लिहिते आणि खाली टीप देते, दर वेळी. घाईतला ग्राहक टीप काढायला सांगतो. मी काढत नाही.

त्याच कायद्यात 'उनिश्तोझाएम' करार येतो. शब्दाकडे पाहिलं तर 'नष्ट करता येण्याजोगा'. अर्थ इतकाच की बाधित पक्षानं कोर्टात मागणी केली तर तो रद्द ठरू शकतो. इंग्रजीत 'व्हॉइडेबल'. आणि जो मुळातच रद्दबातल, तो 'निश्तोझेन', जो शब्द बाजारात 'क्षुल्लक' अशा अर्थानं चालतो. वकिलांच्या कागदात कुणी काही नष्ट करत नाही आणि कुणाला क्षुल्लकही लेखत नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी वाईट भाषांतरं टळतील.

आता स्वयंपाकघर. इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि तो लागावाच.

नोव्हेंबर आला की बल्गेरियन घरात कोबी घालतात. अख्खे गड्डे, जाडं मीठ, पाणी. पूर्वी लाकडी पिंपात, आता बहुतेक निळ्या प्लास्टिकच्या. सोफियातल्या काँक्रीटच्या ब्लॉकच्या इमारतींत ही पिंपं तळघरात किंवा बाल्कनीत असतात. नुसतं झाकून चालत नाही. सुरुवातीचे दिवस खालचं पाणी नळीनं किंवा तोटीनं काढून वरून परत ओतावं लागतं. याला 'प्रेताकाने' म्हणतात. यानं मीठ सगळीकडे सारखं जातं. हे टाळलं की पाणी बुळबुळीत होतं, त्याला तार येते, आणि सगळं पिंप जातं. माझ्या सासूबाई यात कुणाचंही ऐकत नाहीत. मुलगा मदतीला गेला तर त्याला नळी धरायला देतात, पाणी केव्हा काढायचं ते त्याच ठरवतात.

आजीच्या वहीत डिसेंबरच्या एका पानावर दोनच शब्दांचं वाक्य आहे: 'झेलेतो वकिस्ना'. कोबी आंबला. पंधरा-वीस ओळी खाली: 'सुपाता से वकिस्ना'. सूप आंबलं. क्रियापद एकच. पहिल्या वाक्यात आजी खूश आहे, दुसऱ्यात सूप मोरीत गेलं आहे. मी सासूबाईंना फोन करून पहिलं वाक्य वाचून दाखवलं. त्या पलीकडून म्हणाल्या, 'वकिस्ना? मग काढा आणि खा, वाट कसली बघता!'

मराठीत पाहिलं तर गुंता तिथल्या तिथे सुटतो. कोबी *मुरला*, सूप *विटलं*. लोणचं मुरतं, डोशाचं पीठ आंबतं, दूध विरजतं. या गोष्टी आपण मुद्दाम करतो, वाट बघतो. वरण विटतं, आमटीला तार येते; त्या आपल्या नकळत होतात. दोन्हीकडे जिवाणूंचंच काम, पण घरातल्या बाईच्या लेखी एकात तिची राखण आहे आणि दुसऱ्यात नजरचूक. शिकागोतल्या मुलीला मी कोबी 'सावर' झाला एवढंच लिहून दिलं असतं, तर तिनं पिंप फेकून दिलं असतं. शेवटी मी लिहिलं, 'द कॅबेज इज गुड अँड सावर'. 'गुड अँड' लावलं की बोलीतल्या इंग्रजीत पुरतेपणा आणि समाधान दोन्ही येतं. सूप मात्र 'टर्न्ड'. ब्रिटिश वाचक असता तर 'वेंट ऑफ' लिहिलं असतं, अमेरिकेत ते तितकंसं चालत नाही.

ज्या देशात दह्याचं नावच 'किसेलो म्ल्याको', आंबट दूध, तिथे आंबटपणाला वाईट म्हणून कसं चालेल? दही लावणाऱ्या जिवाणूचा शोध १९०५मध्ये स्तामेन ग्रिगोरोव या बल्गेरियन वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं जिनिव्हात लावला, आणि त्या जिवाणूच्या नावातच 'बुल्गारिकस' आहे. म्हणून दुधाची क्रियापदं इथे बारकाईनं वापरतात. मुद्दाम विरजण घालणं वेगळं, आपोआप आंबणं वेगळं. तापवताना दूध फुटलं तर बल्गेरियनमध्ये ते 'प्रेसेचे से', म्हणजे स्वतःलाच छेदून गेलं, कापलं गेलं. आपण म्हणतो फाटलं किंवा नासलं. आजीनं एके ठिकाणी पाहुणे आलेले असताना दूध 'से प्रेसेचे' असं लिहिलंय, तिथे 'कर्डल्ड' सोडून दुसरं काही चालत नाही. अक्रोड 'ग्रान्यासाहा', म्हणजे खवट झाले, 'रँसिड'. पाव 'मुह्ल्यासा', बुरशी आली, 'मोल्डी'. या सगळ्या ठिकाणी 'स्पॉइल्ड' लिहून व्याकरण चुकत नाही. पण मग अक्रोडाचा तो घशात अडकणारा वास आणि पावावरची हिरवी लव दोन्ही जातात, आणि आजी कपाट उघडून काय बघत होती ते नातीला दिसत नाही.

'हाब्या' हे क्रियापद आजीचं लाडकं होतं असं दिसतं. वीज हाबू नकोस, पाव हाबू नकोस, शब्द हाबू नकोस. वाया घालवणं. पण चाकूही 'हाबतो', तेव्हा तो बोथट होतो, आणि बुटांचे तळवे 'हाबतात', तेव्हा झिजतात. इंग्रजीत 'वेस्ट', 'ब्लंट', 'वेअर आउट'. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही, वस्तू बघायची आणि शब्द घ्यायचा.

माणसांवर आलं की मात्र सावध व्हावं लागतं. वहीत एका नातेवाइकाच्या मुलाबद्दल आहे: 'मोम्चेतो से राझवाली फ काझार्माता'. काझार्मा म्हणजे लष्करी बराक. बल्गेरियात सक्तीची लष्करी सेवा २००८च्या सुरुवातीला बंद झाली, त्याआधी पोरं अठरा-एकोणिसाव्या वर्षी बराकीत जायची. वाक्याचा अर्थ: पोरगा बराकीत बिघडला. आता 'द बॉय वॉज स्पॉइल्ड इन द आर्मी' लिहिलं तर अमेरिकन वाचकाला काय वाटेल? पोराचे तिथे लाड झाले, त्याला डोक्यावर चढवून ठेवलं. कारण माणसाला लावलेलं इंग्रजी 'स्पॉइल्ड' आधी लाडावलेला या अर्थानंच ऐकू येतं. त्या अर्थाला बल्गेरियनमध्ये स्वच्छ वेगळा शब्द आहे, 'राझग्लेझेन', आपला लाडावलेला, शेफारलेला. पोरगा लाडावला नव्हता. पिऊ लागला होता, हात उचलू लागला होता, असं पुढच्या ओळींवरून दिसतं. आपण म्हणू वाया गेला. मी 'वेंट बॅड' लिहिलं. 'करप्टेड' नको, त्याला प्रवचनाचा वास आहे. 'वेंट ऑफ द रेल्स' नको, त्यात पोरानं पुन्हा रुळावर यावं अशी एक आशा बसलेली आहे, आणि आजीच्या वाक्यात ती नाही.

व्याकरणातली एक गोष्ट मराठी माणसाला फार जवळची वाटेल. बल्गेरियन क्रियापदं जोडीनं येतात. एक चालू क्रियेचं, एक पुरत्या झालेल्या क्रियेचं. 'राझवाल्याम'चा जोडीदार 'राझवाल्य'. शेवट इतका किंचित बदलतो की परक्याला ऐकू येत नाही. 'नको बिघडवूस' म्हणायचं असेल तर नेहमी चालू क्रियेचंच रूप, पुरत्या क्रियेला 'नको' लागतच नाही. इंग्रजीत हा भेद रूपात असा जोडीनं दिसत नाही. मराठीत दिसतो, आपल्या टाकणं, ठेवणं, जाणं, बसणं या मदतनीस क्रियापदांत. 'बिघडवत होता' आणि 'बिघडवून टाकलं'. त्यातही 'बिघडवून ठेवलं' म्हटलं की निस्तरायचं आता आपल्याला, हे आलं. 'घालवून बसला' म्हटलं की गेलं ते स्वतःच्या हातानं गेलं आणि आता हळहळ उरली, हे आलं. आजीनं नवऱ्याबद्दल लिहिलंय की त्यानं रेडिओ दुरुस्त करायला घेतला आणि 'गो राझवाली'. मला ऐकू आलं ते 'बिघडवून ठेवला'. इंग्रजीत याला एक अस्सल बोलीतली जागा आहे: 'ही वेंट अँड ब्रोक इट'. ते 'वेंट अँड' म्हणजे आपलं 'ठेवलं'. हे सापडलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

आता ज्या वाक्यामुळे हा लेख लिहायला घेतला, ते.

आधी 'ससिपवाम' हे क्रियापद. हे 'राझवाल्याम'पेक्षा कितीतरी जड आहे. मोडलेलं जुळतं, बिघडलेलं दुरुस्त होतं, पण ससिपलेलं बहुधा परत उभं राहत नाही. कामानं माणूस पार पिचून जातो तेव्हा बल्गेरियन लोक हाच शब्द वापरतात. रडून रडून ससिपली, धावपळीनं ससिपला. आजी स्वतःबद्दल लिहिते, 'त्या मशीनवर मी माझे डोळे ससिपले'. इथे मी 'रुइन्ड माय आइज' लिहिलं आणि कुठलीही शंका आली नाही. 'रुइन' हा शब्द अशाच जागांसाठी राखून ठेवायला हवा. सगळीकडे वाटून टाकला की खरोखर गरज पडते तिथे त्यात जोर उरत नाही.

आजीच्या धाकट्या बहिणीचा संसार नीट झाला नाही. त्या पानावर एक वाक्य आहे: 'तोय या ससिपाल'. त्यानं तिला ससिपलं. नातीला हे वाक्य आईनं कधीतरी वाचून दाखवलेलं होतं, आणि तिच्या मनात ते पक्कं बसलं होतं: आजीनं लिहून ठेवलंय की त्या माणसानं तिच्या बहिणीची वाट लावली.

पण आजीनं तसं लिहिलेलं नाही. बल्गेरियनमध्ये घडलेली गोष्ट सांगताना ती तुम्ही स्वतः पाहिली की कुणाकडून ऐकली, हे क्रियापदातच सांगावं लागतं. फ्रिजचं उदाहरण घ्या. 'ह्लादिल्निकत से राझवाली', फ्रिज बिघडला. माझ्यासमोर, मी सांगते. 'ह्लादिल्निकत से ए राझवालिल', फ्रिज बिघडलाय. खाली पाणी साचलंय त्यावरून दिसतंय. 'ह्लादिल्निकत से राझवालिल', मधला एवढासा 'ए' गेला की अर्थ होतो, फ्रिज बिघडला म्हणे. मी पाहिला नाही, मला सांगितलं. मराठीत आपण 'म्हणे' वेगळा जोडतो. बल्गेरियनमध्ये तो क्रियापदातच मुरलेला असतो, आणि तो टाळून बोलता येत नाही. प्रत्येक वाक्यात आपण कुठे उभे आहोत ते सांगावंच लागतं.

आजीनं स्वतःच्या नावावर सांगितलं असतं तर 'ससिपा' लिहिलं असतं. बहिणीच्या अवस्थेवरून ताडलं असतं तर 'ए ससिपाल'. तिनं नुसतं 'ससिपाल' लिहिलं. त्यानं तिला पार उद्ध्वस्त केलं म्हणे. सासरची माणसं म्हणत असतील, शेजारी म्हणत असतील, बहीण स्वतःही म्हणाली असेल. आजीनं ते ऐकलं, लिहून ठेवलं, आणि आपली सही त्याखाली केली नाही. घाईत लिहिताना तो 'ए' सुटला असेल का, हाही विचार केला आणि आख्खी वही त्यासाठी परत चाळली. बाकी सगळीकडे आजी या रूपांबाबत काटेकोर आहे. जिथे ती हजर होती तिथे हजर असल्याचंच रूप आहे, दूध फाटलं तेव्हाही.

आता हे इंग्रजीत कसं आणायचं? 'अपॅरंटली' हा नेहमीचा उपाय. पण इंग्रजीत तो शब्द कुत्सित ऐकू येतो, सांगणाऱ्याचा विश्वास नाही असा. बल्गेरियन रूपात अविश्वास असेलच असं नाही. आजीला ते खरंही वाटत असेल; तिनं फक्त साक्ष दिली नाही. 'अलेजेडली' म्हणजे पोलिसांचा कागद. 'आय हर्ड' म्हटलं तर आजी स्वतः वाक्यात येऊन उभी राहते, आणि मूळ वाक्यात ती नाही. मी 'दे से ही रुइन्ड हर' लिहिलं. 'दे से'मध्ये निंदा नाही, भलामण नाही, आणि ते कोण हेही सांगितलेलं नाही. बल्गेरियन वाक्यातही ते सांगितलेलं नाही.

मुलीला मी हे सविस्तर लिहून कळवलं. तिचं उत्तर यायला वेळ लागला. तिनं तिच्या आईला विचारलं, आईनं सोफियातल्या मावशीला. मावशी म्हणाली, आजी त्या लग्नाबद्दल कधीच काही ठाम बोलली नाही, विचारलं तरी विषय बदलायची. मुलीनं मला एवढंच कळवलं की वाक्य 'दे से'सकटच ठेवा. आईच्या मते भाषांतरात हे वाक्य जरा मऊ झालं. मला तसं वाटत नाही. एका माणसानं दुसऱ्या माणसाचं आयुष्य ससिपलं, हा आरोप आहे. तो ज्यानं केला नाही त्याच्या तोंडी घालण्याचा अधिकार भाषांतर करणाऱ्याला नाही.

बाकीचं पटापट सांगते. 'ओप्रोपास्त्यावाम' या क्रियापदात 'प्रोपास्त', म्हणजे खोल दरी, आहे. आपलं रसातळाला नेणं. शेतीच्या सहकारी संस्थेचं काय झालं ते सांगताना आजीनं हा शब्द वापरलाय, इंग्रजीत मी त्याला 'रॅक अँड रुइन' दिलं. 'ओप्लेस्काह' म्हणजे माखून ठेवलं, घोळ घातला, 'मेस्ड अप'. 'स्कापान' हा तरुण मुलांचा शब्द, दमलेला किंवा भिकार. वहीत तो नाही. एक चमचा डांबर मधाचं पिंप घालवतं अशी म्हण वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहिलेली आहे, आपला दुधातला मिठाचा खडा. ती मी जशीच्या तशी ठेवली, कारण शिकागोतही मध आणि डांबर ठाऊक आहे आणि इंग्रजी म्हण शोधून तिथे चिकटवली तर आजीचं पिंप जातं.

शेवटच्या काही पानांवर अक्षर मोठं आणि वाकडं होत जातं. तिथे एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं, 'स्वेतत से राझवाली'. जग बिघडलं. बल्गेरियन म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हे वाक्य सतत असतं. बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत. इतका वेळ मी म्हणत आले की वस्तू बघा आणि प्रत्येक वस्तूला तिचा शब्द द्या. इथे मी ते केलं नाही. या वाक्यासाठी इंग्रजीत तयार वाक्प्रचार आहेत, पण ते सगळे आजीच्या स्वयंपाकघरापासून लांबचे आहेत. तिनं आख्ख्या आयुष्यात लोणी, हवा, रेडिओ, बराकीतला पोरगा आणि जग यांना एकच क्रियापद लावलं होतं, आणि निदान दोन ठिकाणी तरी ते नातीला एकच ऐकू यावं असं मला वाटलं. पोरासाठी 'वेंट बॅड' लिहिलेलं होतंच. 'द वर्ल्ड हॅज गॉन बॅड' लिहिलं. लोण्याच्या पानावर मी आधी 'टर्न्ड' लिहिलं होतं, ते मागे जाऊन 'वेंट बॅड' केलं.